१९४१ सालची माझी यादी

डिसेंबर उजाडला की याद्यांचा मोसम सुरू होतो. वर्षातले उत्तम दहा चित्रपट, उत्तम अभिनेता, उत्तम अभिनेत्री. वर्तमानपत्रांत याद्या येतात, मोबाईलवर येतात, आणि आमच्या लासलगावात चहाच्या टपरीवर कांद्याच्या भावाची चर्चा संपली की तिथेही एखादी यादी तयार होते. शाळेतली मुलेही विचारतात, "सर, तुमचा या वर्षीचा बेस्ट हिरो कोण?" मी मराठी आणि उर्दू अशा दोन्ही भाषा शिकवतो, त्यामुळे त्यांना वाटते की सरांकडे दोन याद्या असतील.

यंदा मी एकच यादी केली आहे, पण ती या वर्षाची नाही. ती १९४१ सालची आहे. आठ दशकांहून जुन्या वर्षाची यादी आज करण्यात काय हशील, असे कुणी म्हणेल. त्याचे उत्तर या लेखात द्यायचा प्रयत्न आहे.

पहिले कारण साधे आहे. त्या वर्षाला धड बक्षीसच मिळाले नाही. फिल्मफेअरचे पुरस्कार १९५४ मध्ये सुरू झाले. राष्ट्रपतींचे सुवर्णपदकही त्याच वर्षापासून, आणि पहिले पदक मिळाले आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ या मराठी चित्रपटाला. बंगालमधल्या चित्रपट पत्रकारांची संघटना त्याआधीपासून काही बक्षिसे देत होती, ती सोडली तर १९४१ मधल्या नटनटींच्या कामाची कुठे सरकारदरबारी नोंद झाली नाही. म्हणजे जागा रिकामी आहे. आपण आपली यादी करायला मोकळे आहोत.

दुसरे कारण त्या वर्षाचे स्वतःचे आहे. २३ मार्च १९४० रोजी मुस्लिम लीगच्या लाहोर अधिवेशनात तो प्रसिद्ध ठराव मांडला गेला, ज्याला पुढे पाकिस्तानचा ठराव म्हटले गेले. १९४१ च्या वसंतात ढाका, अहमदाबाद आणि मुंबई या शहरांत दंगली झाल्या. युरोपात महायुद्ध पेटलेले होते. हिंदू कोण, मुसलमान कोण, कोण कुणाचा आणि कुणाचे घर कुठे, हे प्रश्न तेव्हा रस्त्यावर आले होते. अशा वर्षात आपल्या चित्रपटांनी काय केले, हे पाहणे मला कुठल्याही चालू यादीपेक्षा महत्त्वाचे वाटते.

एक कसोटी आधीच सांगून टाकतो. अभिनय म्हणजे काय, तर दुसऱ्याच्या घरात जाऊन राहणे. स्वतःच्याच घरात छान वावरणारे नट पुष्कळ असतात. दुसऱ्याच्या घरात शिरून, तिथली चूल, तिथली भाषा, तिथले दुःख आपले करणारा नट मी वर ठेवतो. हा विचार काही माझा शोध नाही. तो आमच्या नाशिक जिल्ह्यातच जन्मलेला आहे म्हणा ना. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. १९१३ च्या त्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये राणी तारामतीचे काम अण्णा साळुंके या पुरुषाने केले, कारण बाई मिळेना. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये तर याच साळुंक्यांनी राम आणि सीता ही दोन्ही कामे केली. राम आणि सीता एकाच देहात! आपल्या सिनेमाची सुरुवातच दुसऱ्याचा वेश आपला मानण्यापासून झाली. १९४१ साली फाळके नाशकात हयात होते, थकलेले आणि जवळजवळ विसरलेले. १९४४ मध्ये ते तिथेच वारले.

आता यादी.

सर्वोत्कृष्ट चित्रपट: ‘शेजारी’ आणि ‘पडोसी’

ही दोन नावे एकाच चित्रपटाची आहेत. प्रभात फिल्म कंपनी पुण्यात मराठी आणि हिंदी अशा दोन आवृत्त्या काढत असे. तेच सेट, तीच कथा, पण प्रसंग पुन्हा चित्रित करायचे आणि काही ठिकाणी नट बदलायचे. १९३७ चा ‘कुंकू’ हिंदीत ‘दुनिया न माने’ झाला, १९३९ चा ‘माणूस’ हिंदीत ‘आदमी’ झाला, तसा ‘शेजारी’ हिंदीत ‘पडोसी’ झाला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, कथा विश्राम बेडेकरांची, संगीत मास्टर कृष्णरावांचे. ‘लख लख चंदेरी’ हे गाणे दिवाळीच्या कार्यक्रमांत आजही वाजते. ते याच चित्रपटातले. गाणे घरोघर पोचले आणि चित्रपट मात्र विस्मरणात गेला, असे आपल्याकडे पुष्कळदा होते.

कथा थोडक्यात अशी. एका गावात दोन वयस्कर शेजारी राहतात, एक हिंदू आणि एक मुसलमान. हिंदी आवृत्तीत त्यांची नावे ठाकूर आणि मिर्झा. दोघांची मैत्री हा गावाचा आधार आहे. मग एक कंपनीवाला येतो. त्याला तिथे धरण बांधायचे आहे आणि त्यासाठी जमीन हवी आहे. गाव विरोधात उभे राहते. दोन म्हातारे एकत्र आहेत तोवर गाव हलणार नाही, हे त्याच्या लक्षात येते आणि तो या मैत्रीत पाचर मारतो. संशय येतो, आरोप येतात, एकमेकांच्या दारात जाणे बंद होते. शेवटी ते धरण फुटते, आणि त्या प्रलयात दोघे म्हातारे एकमेकांचा हात धरून मरतात.

या कथेत मला सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती भांडणाच्या कारणाची. १९४१ सालात कुणी हिंदू-मुसलमान वैरावर चित्रपट काढला असता तर सोपा मार्ग होता: एक मौलवी आणायचा, एक पंडित आणायचा, मशिदीसमोर वाद्ये वाजवायची. बेडेकर-शांतारामांनी हे टाळले. त्यांनी विचारले की या दोघांना लांब केल्याने फायदा कुणाचा? उत्तर आले: ज्याला जमीन पाहिजे त्याचा. वैर आधी जन्मले आणि मग फायदा झाला असे नाही, फायद्यासाठी वैर पेरले गेले. इतिहास शिकवताना दंगलींचा पाठ येतो तेव्हा मला हा चित्रपट आठवतो. दंगल झाली असे पुस्तकात छापलेले असते. ती कुणाला हवी होती, हे क्वचितच छापलेले असते.

आणि धरणाची गोष्ट पुण्याच्या माणसांना हवेतली नव्हती. १९२१ ते १९२४ या काळात पुण्याजवळच मुळशी खोऱ्यात टाटांच्या धरणाविरुद्ध शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला होता. सेनापती बापट त्यात तुरुंगात गेले. गावे पाण्याखाली गेली. ‘शेजारी’ पाहणाऱ्या प्रेक्षकाला, जमीन देणे म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नव्हते. पुढे वीस वर्षांनी, १२ जुलै १९६१ रोजी, पानशेतचे धरण खरोखर फुटले आणि पुणे शहर पाण्यात गेले. ज्या शहरात पडद्यावर धरण फुटले त्याच शहरात ते प्रत्यक्षातही फुटावे, हा योगायोगच. पण अंगावर काटा आणणारा आहे. आमच्या निफाड तालुक्यात गोदावरीवर नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा आहे. तिथे हिवाळ्यात पक्षी बघायला लोक जातात. पाणी अडवले की कुणाचे तरी शेत भिजते आणि कुणाचे तरी बुडते, हे आमच्याकडच्या लहान मुलालाही माहीत असते.

विश्राम बेडेकरांबद्दल एक शब्द. १९३९ मध्ये त्यांची ‘रणांगण’ ही कादंबरी आली. युरोपातून परतणारा मराठी तरुण आणि हिटलरच्या राज्यातून निर्वासित झालेली ज्यू मुलगी यांची ती बोटीवरची गोष्ट आहे. वंशद्वेष माणसाच्या आयुष्यात शिरला की काय होते, हे त्यांनी त्या कादंबरीत पाहिले होते. दोनच वर्षांनी त्यांनी ‘शेजारी’ लिहिला. जर्मनीतला द्वेष ज्याने ओळखला त्याला आपल्या अंगणातला द्वेष ओळखता आला, असे मी त्याचे वाचन करतो. कथाकाराचे बक्षीस असते तर ते मी निःसंकोच त्यांना दिले असते.

सर्वोत्कृष्ट अभिनेता: मझहर खान आणि गजानन जागीरदार, विभागून

या यादीचे खरे कारण हे दोघे आहेत.

‘पडोसी’त मिर्झाचे काम गजानन जागीरदारांनी केले आणि ठाकूरचे काम मझहर खान यांनी. हिंदू नट मुसलमान झाला आणि मुसलमान नट हिंदू झाला. ही अदलाबदल शांतारामांनी जाणूनबुजून केली होती. लाहोर ठरावाला जेमतेम वर्ष झाले असताना एका स्टुडिओने दोन माणसांना सांगितले की तुम्ही एकमेकांची घरे बदला, आणि लोकांना ते बघू द्या.

जागीरदार मूळचे अमरावतीचे, जन्म १९०७. म्हणजे मिर्झा साकारताना ते चौतिशीच्या आसपास होते. चौतिशीतला माणूस म्हातारा झाला हे एक, मराठी माणूस उर्दू वळणाचे बोलणारा मिर्झा झाला हे दुसरे. उर्दू शिकवणारा म्हणून माझा कान यात जरा जास्त टोचणारा आहे. आपल्याकडे पडद्यावरचा मुसलमान म्हटला की त्याला दोन-चार ठरावीक शब्द तोंडात दिले जातात, गळ्यात तावीज आणि डोळ्यांत सुरमा दिला की झाले. बोलण्यात सतत ‘अल्लाह कसम’ पाहिजे. जागीरदारांचा मिर्झा तसा नाही. तो गावातला एक म्हातारा आहे. तो नमाज पढत असेल, पण चित्रपटाला त्याच्याशी काम आहे ते शेजारी म्हणून. त्याचा राग, त्याचा अहंकार, मित्र दुरावल्यावर येणारे एकटेपण, हे कुठल्याही म्हाताऱ्याचे आहे. आपल्या आजोबांना आठवून बघा, कुणाशी तरी त्यांनी असेच बोलणे टाकले असेल आणि मनातून झुरले असतील.

याच जागीरदारांनी पुढे १९४४ मध्ये प्रभातसाठी ‘रामशास्त्री’ दिग्दर्शित केला आणि त्यात रामशास्त्र्यांची भूमिकाही केली. पेशव्याला तोंडावर दोषी म्हणणारा न्यायाधीश आणि शेजाऱ्यासाठी मरणारा मिर्झा, दोन्ही एकाच माणसाने. प्रभात बंद पडल्यावर तिच्या जागेत सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि तिचे पहिले प्रमुख झाले तेच जागीरदार. जिथे ते मिर्झा झाले होते तिथेच पुढे त्यांनी मुलांना अभिनय शिकवणारी संस्था चालवली.

मझहर खान यांचे नाव आज फार कुणाला ठाऊक नाही. ‘शान’मधला अब्दुल करणारे मझहर खान वेगळे, ते पुष्कळ नंतरचे. हे मझहर खान मूकपटाच्या काळापासून काम करत होते, पुढे दिग्दर्शकही झाले. १९४५ चा ‘पहली नज़र’ त्यांचा. त्या चित्रपटातल्या गाण्याने मुकेशचा आवाज देशभर पोचला. १९५० मध्ये ते वारले. ठाकूरचे काम त्यांनी स्वतःच्या नावाने केले. पडद्यावर नाव मझहर खान आणि अंगात ठाकूर. प्रेक्षकाला ठाऊक होते की हा मुसलमान आहे, आणि तरी तो ठाकूरसाठी रडत होता. या गोष्टीचे वजन आपण आज नीट लक्षात घेत नाही. नाव लपवून दुसरा होणे सोपे आहे. नाव उघड ठेवून दुसरा होणे आणि लोकांनी ते मान्य करणे, यासाठी नटही मोठा लागतो आणि प्रेक्षकही.

बक्षीस विभागून देण्याचे कारण आता लक्षात आले असेल. एकाला दिले तर दुसऱ्याचे अर्धे काम वाया जाते. शेवटच्या प्रसंगातले दोन हात वेगळे करता येत नाहीत.

मराठी आवृत्तीची एक टोचणी

इथे एक गोष्ट मला प्रामाणिकपणे मांडायची आहे, कारण हा लेख वाचणारे पुष्कळ जण माझ्यासारखे मराठी मुसलमान आहेत. अदलाबदल झाली ती हिंदी आवृत्तीत. मराठी ‘शेजारी’त मिर्झा जागीरदारच होते, आणि हिंदू शेजारी होते केशवराव दाते. दाते थोर नट. १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकाने मराठी रंगभूमीला नवे वळण दिले, त्यातले ते. ‘कुंकू’तला तरुण मुलीशी लग्न करणारा म्हातारा नवरा त्यांनी असा केला की राग येता येता कीव येते. ‘शेजारी’तही ते कुठे कमी पडत नाहीत. पण मराठीत दोन्ही शेजारी हिंदू नटांनी केले, ही गोष्ट राहतेच.

याचा दोष मी कुणाला देत नाही. मराठी बोलणारा, मराठी नाटकांतून तयार झालेला मुसलमान नट त्या काळी प्रभातला सहज सापडला नसेल, हे समजण्यासारखे आहे. आमच्या लोकांनीही चित्रपटाकडे, नाटकाकडे संशयाने पाहिले. आजही घरोघर प्रश्न असतो की सिनेमा बघावा की नाही. ज्याला बघायचा नाही त्याच्या मताचा मी आदर करतो. पण आपण तिथे नसलो तर आपली गोष्ट दुसराच कुणीतरी सांगणार, आणि त्याला जशी जमेल तशी सांगणार, एवढे तरी मान्य करावे लागेल. जागीरदारांनी ती फार चांगली सांगितली. प्रत्येक वेळी जागीरदार भेटतीलच असे नाही.

मराठीत हे घडायला वेळ लागला. १९६१ च्या ‘प्रपंच’ चित्रपटात शाहीर अमर शेख यांनी गरिबीने पिचलेल्या, लेकुरवाळ्या बापाचे काम केले. अमर शेख बार्शीचे, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतला बुलंद आवाज. ज्याचा आवाज मैदानात हजारोंना उभे करत होता तो पडद्यावर एका मराठी घरातला हरलेला बाप झाला. ‘पडोसी’त मझहर खान यांनी जे हिंदीत केले ते मराठीत पाहायला मला वीस वर्षे पुढे जावे लागते.

सर्वोत्कृष्ट अभिनेत्री: रेणुका देवी, ‘नया संसार’

१९४१ मध्येच मुंबईच्या बॉम्बे टॉकीजने ‘नया संसार’ काढला. कथा ख्वाजा अहमद अब्बास यांची. ते तेव्हा ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये पत्रकार होते आणि चित्रपटकथा म्हणून ही त्यांची सुरुवात. वर्तमानपत्राच्या कचेरीतली गोष्ट आहे. संपादक धनवानापुढे नमते घेतो, बेधडक वार्ताहर नोकरी सोडतो आणि स्वतःचे पत्र काढतो. वार्ताहर झाले होते अशोककुमार. आशा या तरुणीच्या भूमिकेत होत्या रेणुका देवी. उपकाराचे ओझे आणि स्वतःचे मन यांत सापडलेली, कचेरीत पुरुषांच्या बरोबरीने काम करणारी मुलगी त्यांनी साकारली. त्या काळी पडद्यावर काम करणारी बाई म्हणजे बहुधा गाणारी किंवा त्याग करणारी. कचेरीत बसून विचार करणारी बाई ही नवी गोष्ट होती.

आता या रेणुका देवींचे खरे नाव: खुर्शीद मिर्झा. अलीगढच्या शेख अब्दुल्ला यांची ही मुलगी. शेख अब्दुल्ला आणि त्यांच्या पत्नीने १९०६ मध्ये अलीगढला मुस्लिम मुलींसाठी शाळा काढली, तेच पुढचे विमेन्स कॉलेज. मुलींना शिकवायचे म्हणून ज्या बापाने समाजाची बोलणी खाल्ली त्याच्या मुलीने पडद्यावर काम केले तेव्हा बोलणी काही थांबली नसतील. फाळणीनंतर त्या पाकिस्तानात गेल्या आणि उतारवयात तिथल्या टेलिव्हिजन मालिकांतून पुन्हा घराघरांत पोचल्या, या वेळी बेगम खुर्शीद मिर्झा या स्वतःच्या नावाने.

मझहर खान स्वतःच्या नावाने ठाकूर झाले आणि खुर्शीद मिर्झांना पडद्यावर यायला दुसरे नाव घ्यावे लागले. त्याच वर्षातल्या या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. नाव बदलण्यात घराण्याची अब्रू सांभाळणे असेल, कंपनीचा व्यापार असेल, दोन्ही असेल. पुढे याच बॉम्बे टॉकीजमध्ये युसूफ खान नावाचा तरुण आला आणि देविका राणींनी त्याला दिलीपकुमार केले. हा युसूफ लहानपणी आमच्या नाशिकजवळ देवळालीच्या बार्न्स स्कूलमध्ये शिकलेला. १९५४ मध्ये फिल्मफेअरचे पहिले पुरस्कार दिले गेले तेव्हा अभिनेता ठरले दिलीपकुमार आणि अभिनेत्री मीनाकुमारी. म्हणजे युसूफ आणि महजबीं. बक्षीस मिळाले त्यांच्या कामाला, पण पाटीवर नाव दुसरेच.

विशेष उल्लेख: वनमाला आणि हंसा वाडकर

सोहराब मोदींचा ‘सिकंदर’ही १९४१ चा. पेशावरकडचे पृथ्वीराज कपूर ग्रीक सम्राट झाले, पारशी सोहराब मोदी पोरस राजा झाले, आणि ग्वाल्हेरच्या मराठी घरातल्या वनमाला रुखसाना झाल्या. इंग्रजांच्या काही लष्करी छावण्यांत हा चित्रपट दाखवायला बंदी होती, इतकी त्या संवादांची धास्ती. पृथ्वीराज यांचा रुबाब मी नाकारत नाही. अभिनेत्याच्या बक्षिसात ते तिसरे. पण मला वनमालांबद्दल सांगायचे आहे. ज्या वनमाला १९४१ मध्ये रुखसाना होत्या त्याच १९५३ मध्ये ‘श्यामची आई’ झाल्या. साने गुरुजींची आई, महाराष्ट्राच्या मनातली सगळ्यात पवित्र आई! रुखसानाचा वेश एकदा अंगावर घातला म्हणून कुणी म्हटले नाही की ही आई शोभणार नाही. आजच्या काळात हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

हंसा वाडकर यांचा ‘संत सखू’ही प्रभातचा आणि याच वर्षाचा. त्यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावरून पुढे श्याम बेनेगलांनी ‘भूमिका’ काढला. पडद्यावर संत झालेल्या बाईचे प्रत्यक्षातले आयुष्य किती खडतर होते, हे ज्याने ते पुस्तक वाचले त्याला माहीत आहे.

त्या यादीचा आज काय उपयोग?

‘शेजारी’ने काही थांबवले का? नाही. १९४२ मध्ये शांतारामांनी प्रभात सोडून मुंबईत राजकमल कलामंदिर सुरू केले, आणि सहा वर्षांत देशाचे दोन तुकडे झाले. चित्रपटाने दंगल थांबत नसते. शिक्षक असल्याने मला हे लवकर समजले की एका धड्यानेही मुलगा बदलत नसतो. पण धडा नसता तर काय, हाही प्रश्न असतो. चांगला धडा मनात कुठेतरी पडून राहतो आणि वेळ आली की उगवतो.

‘शेजारी’नंतर मराठी पडद्यावर मुसलमान आला नाही असे नाही. पण पुष्कळदा तो प्रश्न म्हणून आला: तलाकचा प्रश्न, हलालाचा प्रश्न, दंगलीचा प्रश्न. ते प्रश्न खरे आहेत, त्यांवर चित्रपट निघावेत. राजन खान यांच्या कथेवरचा ‘हलाल’ निघाला, चर्चा झाली, बरे झाले. पण माणूस फक्त प्रश्न म्हणून समोर आला की त्याचे घर दिसत नाही. ‘सैराट’ आला तेव्हा माझ्या वर्गातल्या मुलांना आर्ची-परशाच्या बरोबरीने सल्या आवडला. सल्या म्हणजे सलीम शेख, काम अरबाज शेखचे. तो परशाचा मित्र आहे, गावची मराठी बोलतो, मित्रासाठी मार खातो. त्याच्या मुसलमान असण्याबद्दल चित्रपट एक भाषणही देत नाही. मिर्झाचा नातू म्हणावा असा हा पोरगा मला वाटला. आणि शेजारच्या मालेगावात यंत्रमागवाल्यांनी स्वतःच कॅमेरा हातात घेऊन ‘मालेगाव के शोले’ काढला, त्यांच्यावर आधी माहितीपट आणि २०२५ मध्ये ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ आला. आपली गोष्ट आपण सांगायची, ती अशी. पैसे नसले तरी चालते.

वर्गात मी मुलांना दोन शब्द एकत्र शिकवतो. उर्दूत शेजाऱ्याला ‘हमसाया’ म्हणतात: हम म्हणजे सोबतचा, साया म्हणजे सावली. ज्याची आणि आपली सावली एक, तो हमसाया. मराठीत शब्द आहे ‘शेजारधर्म’. मराठी भाषेने शेजाऱ्याशी नीट वागण्यालाच धर्म म्हटले आहे, त्याला वेगळा ग्रंथ लागत नाही. आमच्या हदीसमध्येही शेजाऱ्याच्या हक्काबद्दल इतका आग्रह आहे की तो पाळला तर दंगलीला माणसे मिळणार नाहीत. दोन भाषांनी आणि दोन परंपरांनी एकच गोष्ट सांगितली आहे. १९४१ मध्ये दोन नटांनी ती करून दाखवली.

वाचकहो, या वर्षीची तुमची यादी तुम्ही करालच. करताना एक रकाना वाढवा: हा नट कुणाच्या घरात जाऊन राहिला? स्वतःच्याच घरात राहिला असेल तर गुण द्या, काम चांगले असेल तर भरपूर द्या. पण जो शेजाऱ्याच्या घरात राहून आला आणि परत येताना तिथले दुःख बरोबर घेऊन आला, त्याच्यासाठी पहिला क्रमांक राखून ठेवा. आणि एखाद्या रविवारी वेळ काढून ‘पडोसी’ किंवा ‘शेजारी’ बघा. जुना आहे, संथ आहे, प्रत खराब आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना सोबत बसवा. जमले तर शेजाऱ्यांनाही बोलवा.